स्तनांचा कॅन्सर : गाठ लागल्यापासून उपचार पुरे होईपर्यंत

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिला आहे तो असा : स्तनांचा कॅन्सर समजून घेणं आणि त्याचा धोका कमी करणं. विषय डॉक्टरांचा आहे आणि मी डॉक्टर नाही. वस्तीतल्या बायकांबरोबर सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभी राहणारी कार्यकर्ती आहे. शास्त्रानं जे शोधून काढलं आहे ते मी वाचून आणि डॉक्टरांना विचारून तुमच्यापुढे ठेवणार आहे. त्याच्या शेजारी आपल्याला रोज दिसतं तेही ठेवणार आहे. दोन्ही एकत्र पाहिलं की या प्रश्नात संघटनेचं काम नेमकं कुठे आहे हे कळतं.

आधी शब्दाबद्दल बोलू. 'स्तन' हा शब्द सभेत उच्चारला की पुढच्या रांगेतल्या बायका नकळत पदर सारखा करतात. आपण 'छाती' म्हणतो, 'अंगावर पाजते' म्हणतो. पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल, बाळंतपणाबद्दल मोकळेपणानं बोलायला आपण चळवळीत शिकलो. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो स्त्री संघटना आणि आरोग्य संघटना एकत्र लढल्या म्हणून झाला. पण स्तन मात्र आपल्या बोलण्यात आला तो एक तर बाळाच्या दुधासाठी, नाही तर पुरुषाच्या नजरेसाठी. बाईचा स्वतःचा अवयव म्हणून, जो तिला दुखू शकतो, ज्यात तिला रोग होऊ शकतो, असा तो फारसा आलाच नाही. या संकोचाची किंमत काय ते आता आकड्यांत बघू.

२०२२ सालचे आंतरराष्ट्रीय अंदाज असे आहेत. जगभरात सुमारे २३ लाख बायकांना स्तनांचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. भारतात हा आकडा सुमारे १ लाख ९२ हजार होता. त्याच वर्षी भारतात या रोगानं सुमारे ९८ हजार बायका गेल्या. म्हणजे दोन नवीन बायकांना रोग सापडतो तेव्हा एक बाई मरते. आता दुसरा आकडा. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर अमेरिकेत शंभरातल्या नव्वद बायका जिवंत होत्या. भारतात सहासष्ट. मधल्या चोवीस बायका कुठे गेल्या? त्यांचं शरीर काही वेगळ्या मातीचं नव्हतं. आपल्याकडे रोग उशिरा सापडतो आणि उपचार अर्धवट राहतात. माझं आजचं सगळं बोलणं या चोवीस जणींबद्दल आहे.

रोग म्हणजे काय

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि ते दूध बोंडापर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आपल्या शरीरातल्या पेशी वाढतात, जुन्या होतात, मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. हे सगळं हिशेबानं चालतं. एखाद्या पेशीचा हिशेब बिघडतो आणि ती थांबायचं विसरते. तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच वाढत राहतात. स्तनात हे बहुतेक वेळा नळ्यांच्या अस्तरात सुरू होतं. पुढे या पेशी काखेतल्या गाठींत आणि तिथून किंवा रक्तातून हाडं, फुप्फुसं, यकृत इथे जाऊ शकतात. जीव जातो तो बहुधा या पसरण्यामुळे. गाठ स्तनातच असताना सापडली तर बहुतेक बायका बऱ्या होतात.

हा एकच रोग नाही, त्याचे प्रकार आहेत. काही गाठी बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. काहींच्या पेशींवर 'हर टू' नावाचं प्रथिन जास्त असतं. काहींमध्ये यातलं काहीच सापडत नाही, त्यांना 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. औषध प्रकारावर ठरतं. म्हणून शेजारणीला दिलेली गोळी आपल्याला का दिली नाही, असं वाटून घ्यायचं कारण नाही. पण 'माझा प्रकार कोणता?' हे डॉक्टरांना विचारायचा हक्क मात्र प्रत्येकीला आहे.

हा रोग स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, बाळाला पाजल्यानं पसरत नाही. मार लागल्यानं होत नाही. दूध साकळून त्याचा कॅन्सर होत नाही. काळी किंवा घट्ट ब्रेसियर घातल्यानं होत नाही. कुणाची नजर लागून, देवीचा कोप होऊन, मागच्या जन्मीच्या पापानं तर नाहीच नाही. हे इथे बसलेल्यांना माहीत आहे. पण घरातल्या भांड्यांतून त्या बाईचा पेला वेगळा काढला जातो तेव्हा हे त्या घरात जाऊन सांगावं लागतं, म्हणून म्हटलं.

का होतो, आणि त्याचा अर्थ काय लावायचा

इटलीतल्या पादुआचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी कामधंद्यांमुळे होणाऱ्या रोगांचा अभ्यास करत. जोगिणींमध्ये स्तनांचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो, अशी नोंद त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केली. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या बाईंनी रोग झालेल्या आणि न झालेल्या बायकांची पद्धतशीर तुलना केली. लग्न उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं कमी, अशा बायकांत रोग जास्त, असं त्यांना दिसलं. २००२ साली तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४ टक्क्यांनी, असं त्यातून निघालं.

कारण असं. दर महिन्याच्या चक्रात स्तनातल्या पेशींना वाढीचा निरोप जातो. पाळी लवकर सुरू झाली, उशिरा गेली, मधे बाळंतपणं आणि पाजणं कमी झालं, तर हा निरोप जास्त वेळा जातो. पेशी जितक्या जास्त वेळा वाढतील तितकी चुकायची संधी जास्त.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. ही माहिती आपल्या सभेतून बाहेर पडते तेव्हा तिचं काय होतं ते मी पाहिलं आहे. एका महिला मेळाव्यात व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, 'बघा, शास्त्रसुद्धा सांगतं, मुलींची लग्नं वेळेवर करा.' टाळ्या पडल्या! मैत्रिणींनो, हे शास्त्र नाही. ७ टक्के हा लाखो बायकांचा सरासरी हिशेब आहे. एकेका बाईचा आधीचाच धोका थोडा, त्याचे ७ टक्के म्हणजे फारच थोडं. आणि कोवळ्या वयातलं बाळंतपण, त्यातले बाळंतरोग, रक्तक्षय, सुटलेलं शिक्षण हे त्या हिशेबात कुणी धरलेलं नसतं. कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून कुठल्याही बाईनं लग्न करू नये की मूल होऊ देऊ नये. बिनलग्नाची बाई, मूल नसलेली बाई, पाजू न शकलेली बाई, यांच्यावर आधीच पुष्कळ ठपके आहेत. त्यात हा आणखी एक ठेवायला आपल्या तोंडून मदत होता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्तनांचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींमध्ये बाई असणं आणि वय वाढणं यांखेरीज धोक्याचं कोणतंही खास कारण सापडत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा. 'माझं काय चुकलं?' असं विचारणाऱ्या बाईला ते सांगायचं आहे.

मग आपल्या हातात काहीच नाही का? थोडं आहे, ते सरळ सांगते. दारूनं धोका वाढतो, रोजच्या थोड्या दारूनंही. पाळी गेल्यानंतर वजन फार वाढलं तर धोका वाढतो, कारण त्या वयात इस्ट्रोजेन चरबीतून तयार होतं. अंगाला हालचाल असली तर तो कमी होतो. पाळी गेल्यावर होणाऱ्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देणारं औषध वर्षानुवर्षं घेतलं तर धोका वाढतो. हे अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात इतकं स्पष्ट दिसलं की २००२ साली तो प्रयोग मधेच थांबवावा लागला. गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना धोका किंचित वाढतो, थांबवल्यावर हळूहळू ओसरतो. याच गोळ्यांनी बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका मात्र कमी होतो. तेव्हा घाबरून गोळी टाकून देऊ नका, पूर्ण माहिती मागा. आपल्या संघटनांनी १९८०च्या दशकात इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध मोहीम केली तेव्हाही मागणी हीच होती : बाईला सगळं सांगा आणि मग तिला ठरवू द्या.

आता हेही पाहा. डॉक्टर म्हणतात रोज चाला. आपल्या वस्तीत बाईनं संध्याकाळी नुसतं चालायला जावं अशी जागा कुठे आहे? चालली तर 'कुठे निघाली?' म्हणून चौकशी. अंगावर पाजा म्हणतात. २०१७ सालच्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा मिळाली, पण धुणीभांडी करणारीला, ऊस तोडणारीला ती कोण देतं? बाळ घरी ठेवून सकाळी कामावर गेलेल्या बाईची चोळी दुपारी दुधानं भिजते आणि बाळ घरी पाण्याच्या बाटलीवर असतं. तिला पाजण्याचं महत्त्व शिकवायला जाऊ नका, पाळणाघर मागायला तिच्याबरोबर चला. धोका कमी करणं म्हणजे बाईच्या कामांच्या यादीत आणखी पाच कामं लिहिणं, असं आपण होऊ देऊ नये.

घराण्यातला रोग

सुमारे ५ ते १० टक्के बायकांत हा रोग वारशानं आलेल्या दोषामुळे होतो. 'ब्राका वन' आणि 'ब्राका टू' ही त्यातली मुख्य जनुकं, १९९४ आणि १९९५ साली सापडलेली. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी एकीला किंवा अधिक जणींना तरुण वयात स्तनांचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई विसरू नका. पुरुषांनाही हा कॅन्सर क्वचित होतो. आपल्याकडे अडचण अशी की पोरींची लग्नं अडतील म्हणून घराण्यातला रोग लपवला जातो. आत्या 'पोटाच्या आजारानं' गेली असं सांगतात. त्या लपवण्यानं भाचीचा जीव जाऊ शकतो.

तपासणी : कुणाच्या हातानं?

पूर्वी आपण शिबिरांत सांगत असू की दर महिन्याला पाळीनंतर स्वतः स्तन तपासा, ठरलेल्या पद्धतीनं, ठरलेल्या दिवशी. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांत याची फार मोठी परीक्षा झाली. १९८९ साली तो अभ्यास सुरू झाला, २ लाख ६६ हजार कामगार बायका त्यात होत्या. निम्म्यांना स्वतःची तपासणी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा करून घेतली. दहा-अकरा वर्षांनी हिशेब केला. शिकवलेल्या गटात या कॅन्सरनं १३५ बायका गेल्या, न शिकवलेल्या गटात १३१. फरक पडला नाही. उलट साध्या गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या.

याचा अर्थ स्वतःच्या शरीराकडे बघू नका असा नाही. अंघोळ करताना, कपडे बदलताना आपले स्तन एरवी कसे असतात, पाळीच्या आधी कसे जड होतात, हे ओळखीचं असावं. म्हणजे काही बदललं तर लगेच कळतं. पण महिना चुकला म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये आणि ही तपासणी म्हणजे कवच आहे असंही समजू नये.

दुसरा प्रयोग आपल्याच मुंबईतला. टाटा मेमोरियल इस्पितळानं १९९८ साली तो सुरू केला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासत. निकाल २०२१ साली छापून आला. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नासच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. हेही सांगायला हवं की या प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही होती, आणि ज्या बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं त्यांच्याबद्दल पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला. गरीब बायकांवरच असे प्रयोग का, हा प्रश्न आपण विचारत राहूच. पण त्या बायकांनी वीस वर्षं देऊन जे ज्ञान मिळवून दिलं ते कपाटात पडू देणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. दहावी शिकलेल्या बाईच्या शिकलेल्या हातानं मृत्यू कमी होऊ शकतात. याला मोठं यंत्र लागत नाही.

मॅमोग्राफीबद्दल विचारणा नेहमी येते, कारण तपासणीची गाडी घेऊन शिबिर करू असे प्रस्ताव संघटनांकडे येतात. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा क्ष-किरण फोटो. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. ब्रिटनमध्ये एका स्वतंत्र समितीनं २०१२ साली जमाखर्च मांडला. पन्नाशीच्या दहा हजार बायकांना वीस वर्षं नियमित बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात. त्याच वेळी १२९ बायकांमध्ये असा कॅन्सर सापडतो जो त्यांना आयुष्यात कधी त्रास देणारच नव्हता, पण उपचार मात्र होतात. म्हणजे फायदा आहे, त्याला किंमतही आहे. तरुण बाईच्या दाट स्तनांत तो फोटो नीट वाचता येत नाही. तेव्हा शिबिराचा प्रस्ताव आला तर विचारा : ज्या बाईच्या फोटोत काही दिसेल तिची पुढची तपासणी कुठे, कोण, कोणाच्या पैशानं करणार? उत्तर नसेल तर ते शिबिर फोटो काढण्यापुरतं आहे आणि ती बाई नंतर आपल्या दारात रडत येणार आहे.

सरकारचं धोरण कागदावर चांगलं आहे. २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यानं हातानं स्तनतपासणी करायची आहे. आशाताईंच्या तक्त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, हे प्रश्न छापलेले आहेत. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, आयुष्यात कधी तरी कॅन्सरसाठी स्तनतपासणी झाली का? 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा नव्हत्या, ०.९ टक्के. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी मागणं हे आपलं पहिलं काम. मागणारं कुणी नसेल तर तक्ते घरी बसूनही भरले जातात.

गाठ लागली, पुढे काय

लक्षणं सांगते, घरोघर सांगा. स्तनात किंवा काखेत नवीन गाठ, बहुतेक वेळा न दुखणारी. 'दुखत नाही म्हणजे काही नाही', हा समज फार बायकांना नडला आहे. कातडीला खळी पडणं, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, त्यातून रक्तमिश्रित पाणी येणं, त्यावर न भरणारी जखम. एका स्तनाचा आकार बदलणं. यातलं काही दिसलं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत दाखवा. आणि त्याच दमात हेही सांगा की बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. भीतीनं बाई घरात बसते, म्हणून दोन्ही वाक्यं एकत्र सांगायची.

निदानाच्या तीन पायऱ्या असतात : डॉक्टरनं हातानं तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायॉप्सी. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या समजुतीपोटी बायका पळून येतात. सुईच्या भीतीनं तपासणी टाळू नका. सुईशिवाय प्रकार कळत नाही आणि प्रकाराशिवाय उपचार ठरत नाही. खरा धोका वेगळा आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईची गाठ गावातल्या दवाखान्यात कापून काढली होती आणि काढलेली गाठ तपासायला न पाठवता टाकून दिली होती. सात महिन्यांनी दुसरी गाठ काखेत आली. म्हणून नियम करा : तपासणीआधी गाठ कापू द्यायची नाही, आणि शरीरातून काढलेल्या प्रत्येक तुकड्याचा अहवाल आपल्या पिशवीत आला पाहिजे.

उपचार आणि बाईची संमती

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॅल्स्टेड या शल्यचिकित्सकानं स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढची सत्तरेक वर्षं तीच चालली. गाठ तपासायला म्हणून बाईला भूल देत आणि ती शुद्धीवर येई तेव्हा स्तन गेलेला असे. रोझ कुशनर या पत्रकार बाईला १९७४ साली हा रोग झाला. तिनं ही पद्धत नाकारली, त्यावर पुस्तक लिहिलं, डॉक्टरांच्या सभांत जाऊन भांडली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या मंडळात ती सदस्य होती. आधी तपासणी, मग बाईशी बोलणं, मग शस्त्रक्रिया, असं त्या मंडळानं सांगितलं. पुढे अमेरिकेत आणि इटलीत वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून सिद्ध झालं की लवकर सापडलेली गाठ तेवढीच काढून वर रेडिएशन दिलं, तर जगण्याचं प्रमाण पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं. ते निकाल २००२ साली छापून आले.

तर मग आपल्याकडच्या इतक्या बायकांचा पूर्ण स्तन का काढतात? काही वेळा गाठ मोठी असते, ते खरंच आवश्यक असतं. पण एका ताईनं मला सांगितलं, 'स्तन ठेवला तर पाच आठवडे शेक घ्यायला शहरात राहावं लागेल. राहू कुठे? पोरांना कोण बघेल? काढून टाका म्हटलं.' हा निर्णय तिचा म्हणायचा का? रेडिएशनचं यंत्र गावापासून किती लांब आहे यावर तिचा स्तन राहणार की जाणार हे ठरलं. मशीन जवळ मागणं, मुक्कामाची सोय मागणं हा स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न आहे, तो असा.

गाठ इस्ट्रोजेनवर पोसणारी असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज पाच वर्षं घ्यावी लागते. गोळी स्वस्त आहे. ती पूर्ण घेतली तर या प्रकारात मृत्यूचा धोका सुमारे एक-तृतीयांशानं कमी होतो. पण 'बरी झाले' म्हणून दुसऱ्या वर्षी ती सोडणाऱ्या बायका पुष्कळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या इस्पितळांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन मिळतं. तिथे 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, त्यांना गाठायचं. पण बुडालेली मजुरी, बरोबर येणाऱ्याचं जेवण यांचा भार बाईच्या घरावरच पडतो. उपचार तुटतात ते इथे.

आपलं काम

गाठ हाताला लागल्यापासून बाई डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत जो वेळ जातो तो शरीरात जात नाही, घरात जातो. नणंदेचं लग्न होऊ दे, सुगी होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे. नवऱ्याला दुखलं तर त्याच दिवशी रिक्षा येते. बाईला पुरुष डॉक्टरपुढे छाती उघडायची लाज आणि घराला तिच्यावर पैसे खर्चायचा कंटाळा. निदान झाल्यावर तिला माहेरी पोचवून देणारे, शस्त्रक्रियेनंतर दुसरी करणारे नवरे आपण पाहिले आहेत. परित्यक्तांचे अर्ज आपल्याकडे येतात त्यात हे कारणही आहे, फक्त ते लिहिलेलं नसतं. विचारून नोंदवायला लागा.

जागतिक आरोग्य संघटनेनं तीन उद्दिष्टं मांडली आहेत : शंभरातल्या साठ जणींचा रोग पहिल्या दोन अवस्थांतच सापडावा, बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून साठ दिवसांत निदान पुरं व्हावं, आणि शंभरातल्या ऐंशी जणींचे उपचार पूर्ण व्हावेत. हे आकडे सरकारांसाठी आहेत. पण वस्तीच्या पातळीवर ते आपल्याला वापरता येतात. माझी सूचना अशी.

प्रत्येक गटात दोघींनी ही जबाबदारी घ्यावी. गाठ लागलेल्या बाईचं नाव, पहिल्यांदा दाखवल्याची तारीख आणि पुढचा प्रत्येक टप्पा एका वहीत लिहावा. साठ दिवस उलटले आणि अहवाल नाही, तर इस्पितळात जाऊन जाब विचारावा. कुणीही एकटी जाणार नाही, बरोबर एक मैत्रीण असेल. आत डॉक्टर काय म्हणाले ते ती लिहून घेईल, कारण त्या वेळी रुग्ण बाईला काही ऐकू येत नाही. उपचार चालू असताना पोरांचं जेवण आळीपाळीनं करावं, बचत गटातून प्रवासाला उसने द्यावेत. गोळी पाच वर्षं चालू आहे ना, हे दर हळदीकुंकवाला विचारावं! आणि ही वही घेऊन जिल्हा रुग्णालयात मागणी करावी : तपासायला बाई कर्मचारी, तपासायच्या जागी पडदा, बायॉप्सीचा अहवाल वेळेत, रेडिएशनच्या काळात राहायची सोय.

शेवटचं, स्तन गेलेल्या बाईबद्दल. कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड हिनं शस्त्रक्रियेनंतर नकली स्तन लावायला नकार दिला. दवाखान्यातली परिचारिका तिला म्हणाली, असं आलात तर इथल्या इतरांचं मन खचतं. तिनं १९८० सालच्या आपल्या पुस्तकात याबद्दल लिहिलं आहे. तिचं म्हणणं असं की आमचं हे लपवलं तर आम्ही एकमेकींना ओळखणार कशा? आपल्यातल्या कुणाला ब्लाउजात कापसाची गादी शिवून घालावीशी वाटेल, ती आपण शिवून देऊ. कुणाला तशीच सपाट छाती घेऊन सभेला यावंसं वाटेल, तिला आपण पुढच्या रांगेत बसवू. ठरवायचं तिनं. ती अर्धी झालेली नाही, हे तिच्या घरात मोठ्यानं म्हणणारं कुणी तरी हवं, आणि ते आपण असावं.

आता प्रश्न विचारा. संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण विचारल्याशिवाय जाऊ नका.